समोरून आलेला फोन, आपण लावलेला फोन

वाचकांचे प्रश्न : फोनवरची आणि ऑनलाइन फसवणूक

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकाच विषयाची पत्रे सर्वाधिक होती. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : पडद्यावर बँकेचंच नाव होतं, क्रमांकही बँकेचाच होता. नंतर कळलं की फोन खोटा होता. क्रमांक खरा आणि माणूस खोटा, असं कसं होतं?

उत्तर : पडद्यावर दिसणारा क्रमांक हा पाकिटावरच्या ‘प्रेषक’ या ओळीसारखा असतो. तिथे काय लिहायचे ते पाठवणारा ठरवतो. इंटरनेटवरून लावलेल्या कॉलमध्ये ‘कुठून’ हा रकाना कॉल लावणारी यंत्रणाच भरते. ही सोय मुळात गैर नाही. मोठ्या कार्यालयाच्या शेकडो लाइनींपैकी कुठूनही फोन गेला तरी समोर मुख्य क्रमांक दिसावा, म्हणून ती ठेवली गेली. भामटे त्याच सोयीचा वापर करून बँकेचा, पोलिस ठाण्याचा, अगदी तुमच्या स्वतःचाही क्रमांक दाखवू शकतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या दूरसंचार कंपन्यांना आपल्या इंटरनेट-आधारित जाळ्यातून जाणाऱ्या कॉलवर डिजिटल सही, म्हणजे दाखवलेल्या क्रमांकाची पडताळता येणारी खूण, करणे बंधनकारक झाले. पण तो कॉल वाटेत एखाद्या जुन्या पद्धतीच्या जाळ्यातून गेला की सही गळून पडते.

क्रमांकासोबत नाव दाखवणाऱ्या ॲपवर तर त्याहून कमी भरवसा ठेवावा. ती नावे बहुतांशी लोकांनीच नोंदवलेली असतात आणि एखाद्या क्रमांकापुढे ‘बँक ग्राहक सेवा’ असे नोंदवणे भामट्यांना अवघड नसते.

एसएमएसचेही असेच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी क्रमांकाऐवजी ११ अक्षरांपर्यंतचे नाव टाकता येते आणि तुमचा फोन मेसेजांची जुळणी त्या नावावरून करतो. म्हणून खोटा मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेत, त्यांच्याच खाली येऊन बसतो. काही देशांत अशा नावांची आधी नोंदणी करावी लागते, त्यामुळे हा प्रकार कमी होतो. पण ती भिंतही ओलांडली जाते. गाडीत किंवा पाठपिशवीत मावणारा खोटा टॉवर घेऊन भामटे गर्दीतून फिरतात. तो आसपासच्या फोनना २जी जाळ्यावर खाली ओढतो आणि मेसेज थेट फोनमध्ये ढकलतो. २जीमध्ये फोनला टॉवरपुढे आपली ओळख पटवावी लागते, टॉवरला फोनपुढे लागत नाही. या उणिवेवर हा सगळा खेळ चालतो. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करण्याची सोय आहे. तुमच्याकडे ४जी किंवा ५जीची रेंज नीट मिळत असेल तर ती जरूर वापरा.

या सगळ्यावरून निघणारा नियम असा, की कॉल खरा की खोटा याचा निर्णय कॉल चालू असताना करूच नका. फोन ठेवा. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक घ्या आणि स्वतः लावा. क्रमांक खोटा दाखवता येतो, पण तुम्ही लावलेला खरा क्रमांक एरवी खऱ्या जागीच जातो. इथे तीन गोष्टी सांभाळा. समोरच्याने सांगितलेला क्रमांक वापरू नका. इंटरनेटवर ‘ग्राहक सेवा क्रमांक’ असे शोधून पहिला दिसेल तो लावू नका, कारण जाहिरातींत आणि नकाशांवरच्या नोंदींत खोटे क्रमांक घुसवलेले असतात. आणि फोन लँडलाइनवर आला असेल तर पडताळणीसाठी दुसरा फोन वापरा. काही जुन्या लँडलाइन व्यवस्थांत समोरच्याने रिसीव्हर ठेवला नाही तर तुम्ही ठेवूनही लाइन काही काळ जोडलेलीच राहते. तुम्ही नवा क्रमांक फिरवता आणि पलीकडे तोच माणूस ‘नमस्कार, बँक’ म्हणतो.

प्रश्न : समोरच्या माणसाला माझं पूर्ण नाव, पत्ता, खात्याचे शेवटचे चार आकडे, सगळं माहीत होतं. मग विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं?

उत्तर : माहिती असणे हा ओळखीचा पुरावा नव्हे. खरेदीची संकेतस्थळे, रुग्णालये, विमा दलाल, हॉटेले यांच्याकडून फुटलेल्या याद्या विकत मिळतात, आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे तर कित्येक पावत्यांवर छापलेले असतात. तुमचा ईमेल पत्ता अशा फुटलेल्या यादीत आहे का, हे ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या २०१३ पासून चालणाऱ्या मोफत संकेतस्थळावर बघता येते.

माणूस किती जाणतो याऐवजी तो तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतो, याकडे लक्ष द्या. चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली घाई : ‘दहा मिनिटांत खाते गोठेल.’ विचार करायला आणि कुणाला विचारायला वेळ मिळू नये, एवढाच तिचा हेतू. दुसरी गुप्तता : ‘तपास चालू आहे, घरच्यांना सांगितलेत तर तेही अडकतील.’ तिसरी, फोन न ठेवण्याची सक्ती. चौथी, पैसे देण्याची वाकडी वाट : गिफ्ट कार्डाचे आकडे, क्रिप्टो चलन, अनोळखी व्यक्तीचे खाते, ‘सुरक्षित खाते’. या वाटा निवडल्या जातात कारण त्यांवरून गेलेले पैसे परत खेचता येत नाहीत, किंवा ते भाड्याने घेतलेल्या खात्यांतून काही मिनिटांत पुढे सरकतात. तुमचे पैसे सुरक्षित ठेवण्यासाठी ते तुम्हालाच दुसऱ्या खात्यात पाठवायला लावणारी बँक जगात नाही. बँकेला खाते गोठवायचे असेल तर ती तिच्या बाजूने गोठवते.

यात सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल. ‘तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’, मग शिक्का मारलेले खोटे वॉरंट, मग तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणे. अटक व्हिडिओ कॉलवर होत नाही आणि जामीन कुणाच्या खात्यात भरला जात नाही. या प्रकारात सापडलेला माणूस भीतीने अक्षरशः गोठलेला असतो. त्याला बाहेरूनच कुणीतरी काढावे लागते. घरातले कुणी दार लावून फोनवर दबक्या आवाजात बोलत असेल, जेवायलाही येत नसेल, मुदत ठेव मोडण्याची घाई करत असेल, तर आत जा, फोन हातात घ्या आणि बंद करा. रागवाल तर ती व्यक्ती भामट्याचीच बाजू घेईल, शेजारी बसा.

तुमच्यावर वेळ आली तर म्हणायचे वाक्य एकच : ‘मी फोन ठेवतो आणि तुमच्या कार्यालयात स्वतः लावतो.’ खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग येण्याचे कारण नाही. आवाज चढला, धमकी आली, विनवणी सुरू झाली, की उत्तर मिळालेच.

प्रश्न : मी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. तरी खात्यातून पैसे गेले. बँकेत सांगतात, ‘ओटीपी वापरला गेलाय.’ कसं शक्य आहे?

उत्तर : शक्य आहे, आणि तुम्ही खोटे बोलत नाही आहात. ओटीपी न सांगताही तो पाच वाटांनी जातो. तुमच्या बाबतीत कोणती वाट होती ते शोधणे महत्त्वाचे, कारण ती उघडी राहिली तर पुन्हा चोरी होते.

पहिली वाट, स्क्रीन शेअर. ‘अडचण दूर करून देतो’ म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप घ्यायला लावतात, किंवा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरच स्क्रीन शेअर करायला सांगतात. ही साधने स्वतः प्रामाणिक आहेत, कार्यालयांत रोज वापरली जातात. पण पडदा समोरच्याला दिसू लागला की वर सरकत आलेला ओटीपीही दिसतो. तुम्ही बोलला नाहीत. तो त्याने वाचला.

दुसरी वाट, एपीके फाइल. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, वीजबिल अशा नावाने मेसेजमधून फाइल येते आणि शेवटी ‘.एपीके’ असते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप बसवणारी फाइल. बसल्यावर ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि प्रत्येक ओटीपी पुढे पाठवते. त्याहून घातक म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी. दृष्टिहीन व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून असलेली ही सोय हाती लागली की ॲप पडदा वाचते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहज देता येत नाही. म्हणूनच फोनवरचा माणूस तुम्हाला ॲपच्या माहितीत नेतो, वरच्या कोपऱ्यातली तीन टिंबे दाबायला सांगतो आणि ‘मर्यादित सेटिंगला परवानगी’ द्यायला लावतो. तीन टिंबांपर्यंत कुणी नेऊ लागला की तिथेच थांबा.

असे ॲप बसल्याचा संशय असेल तर क्रम पाळा. आधी विमान मोड चालू करा आणि वाय-फाय बंद आहे ना ते बघा. चोराचा दोर तिथे तुटतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि कार्डे थांबवा. संशयित ॲपचे नाव आणि त्याला दिलेल्या परवानग्या यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा, तक्रारीला लागतील. ॲप काढायला सेटिंगमधली सर्व ॲपची यादी उघडा, कारण अशी ॲप मुख्य पडद्यावरचे आपले चिन्ह लपवतात. काढण्याचे बटण दबत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्याचा अधिकार आधी काढावा लागतो, तेही जमले नाही तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेली ॲप बंद राहतील अशा पद्धतीने, सुरू करून बघा. शेवटी फोटो आणि संपर्क उतरवून घेऊन फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करा. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरूनच बदला. त्याच फोनवरून बदललात तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल. ही चूक फार जण करतात.

तिसरी वाट, कॉल फॉरवर्डिंग. ‘कुरिअर येतंय, हा कोड दाबा’ असे सांगून चांदणी, आकडे आणि शेवटी एक मोबाइल क्रमांक फिरवायला लावतात. त्याने तुमचे कॉल त्या क्रमांकाकडे वळतात. ओटीपी एसएमएसने न मागवता ‘कॉल करून सांगा’ हा पर्याय निवडला की तो चोराच्या कानात पडतो. बहुतेक जाळ्यांवर *#२१# फिरवल्यावर कॉल वळवले आहेत का ते दिसते आणि ##००२# ने सगळे वळवणे रद्द होते. आत्ताच बघून घ्या, अर्धे मिनिट लागते.

चौथी वाट, सिम बदल. तुमच्या नावाची खोटी कागदपत्रे देऊन चोर तुमचा क्रमांक नव्या सिमवर घेतो, किंवा तुम्हालाच एखादा मेसेज पाठवायला लावून तो ई-सिमवर नेतो. त्या क्षणी तुमची रेंज जाते. २०१९च्या ऑगस्टमध्ये ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांचे स्वतःचे खातेही त्यांचा फोन क्रमांक असा हातातून गेल्यामुळे चोरांनी वापरले होते. घरात इतरांना रेंज आहे, फोन बंद करून सुरू केला तरी तुमच्याच सिमला नाही, असे दिसले तर सकाळपर्यंत थांबू नका. वाय-फायवरून बँकेचे व्यवहार थांबवा आणि दुसऱ्याच्या फोनवरून मोबाइल कंपनीला गाठा. सिमला पिन घालून ठेवल्याने हे टळेल असे अनेकांना वाटते. तो पिन सिम चोरीला गेले तर उपयोगी. क्रमांकच दुसऱ्या सिमवर गेला तर त्याचा उपयोग नाही.

पाचवी वाट, खोटे संकेतस्थळ. तुम्ही त्यावर ओटीपी टाकलात, माणसाला सांगितला नाहीत. पण पलीकडची यंत्रणा तोच आकडा त्याच सेकंदाला खऱ्या संकेतस्थळावर भरत होती.

म्हणून जिथे सोय असेल तिथे पासकी घ्या, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या बोट, चेहरा किंवा पिनच्या कुलपाने खाते उघडण्याची सोय. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ मध्ये तिचा एकत्रित पाठपुरावा जाहीर केला. पासकी एका ठरावीक संकेतस्थळाशी बांधलेली असते. दुसऱ्या पत्त्यावर ती उघडतच नाही, आणि फोनवर सांगण्यासारखा आकडाच तिच्यात नसतो. पासकी नसेल तर एसएमएसपेक्षा ओटीपीचे आकडे फोनमध्येच तयार करणारे ॲप (ऑथेंटिकेटर) बरे. सिम बदल आणि फॉरवर्डिंग या दोन वाटा त्याने बंद होतात, पाचवी होत नाही.

प्रश्न : लिंक खरी की खोटी हे बघून कसं ओळखायचं? कुलपाचं चिन्ह असलं म्हणजे पुरे ना?

उत्तर : नाही. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यामधले बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही. पलीकडे चोर असेल तर त्याच्याशीही तुम्ही सुरक्षितपणे बोलता. २०१५ च्या अखेरीपासून ही प्रमाणपत्रे कुणालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळू लागली. लोकांचा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधले कुलूपच काढले.

पत्ता डावीकडून वाचू नका. पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे या. रेघेच्या लगेच आधीचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक. ‘माझीबँक.कॉम.तपासणी.टॉप/लॉगिन’ या पत्त्याचा मालक माझीबँक नाही, ‘तपासणी.टॉप’ आहे, त्याच्या डावीकडचे सगळे त्याने स्वतःच्या घरावर लावलेले फलक आहेत. काही देशांत शेवटचा भागच दोन तुकड्यांचा असतो, उदाहरणार्थ ‘.को.इन’, तिथे तीन तुकडे मोजा. रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटापासून मोजा.

डोळ्यांनाही मर्यादा आहे. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरे वापरून ‘ॲपल.कॉम’सारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. ब्राउझरांनी त्यानंतर सुधारणा केल्या, पण धडा राहतो. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपणहून भरणारे ॲप, इथे डोळ्यांपेक्षा विश्वासू. तो अक्षरांचा आकार बघत नाही, नोंदवलेला पत्ता जुळतो का ते बघतो. रोजच्या संकेतस्थळावर तो आपणहून पासवर्ड भरत नसेल तर हाताने भरू नका. आधी पत्ता बघा.

क्यूआर कोड म्हणजे वाचता न येणारी लिंकच. भिंतीवर चिकटवलेल्या कोडवर वरून दुसरा कागद डकवलेला नाही ना, हे नखाने बघावे. आणि पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

प्रश्न : अनोळखी फोन नुसता उचलला किंवा ‘हो’ म्हटलं तर खातं रिकामं होतं, असे मेसेज फिरतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. फोन उचलल्याने किंवा ‘हो’ म्हटल्याने पैसे जात नाहीत; पुढे तुम्ही काही केले तरच जातात. अपवाद सांगायचा तर २०१९च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपमध्ये असा दोष सापडला होता की कॉल न उचलताही फोनमध्ये हेरगिरीची प्रणाली शिरत असे. ती निवडक लोकांवर वापरली गेली आणि दोष लगेच दुरुस्त झाला. ॲप अद्ययावत ठेवा, एवढा त्याचा बोध. परदेशी क्रमांकाची एकच रिंग वाजून तुटली तर परत लावू नका. जपानी भाषेत या प्रकाराला ‘वानगिरी’ म्हणतात, म्हणजे एक वाजवून तोडणे. तुमचा परतीचा कॉल महागड्या दराने मोजला जातो आणि त्यातला वाटा त्यांना मिळतो.

प्रश्न : मुलाच्या आवाजात रडत फोन आला, ‘अपघात झालाय, पैसे पाठवा.’ आईनं पाठवलेही. आवाज अगदी त्याचाच होता, असं ती शपथेवर सांगते.

उत्तर : आईंचे कान चुकले असे समजू नका. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये मांडलेल्या प्रणालीला आवाजाची नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. समाजमाध्यमांवरच्या कुठल्याही व्हिडिओत तेवढा आवाज असतो. त्यात रडणे आणि रस्त्याचा गोंगाट मिसळला की आईचे मन उरलेले भरून काढते. चेहराही पुरावा राहिलेला नाही. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना ‘पाहून’ १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले ते सहकारी संगणकाने बनवलेले होते.

म्हणून आवाज पारखत बसू नका. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः लावा. लागला नाही तर त्याच्या मित्राला, सहकाऱ्याला. ‘त्याचा फोन फुटलाय’ हे वाक्य नेमके हा दरवाजा बंद करण्यासाठी आधीच म्हटलेले असते. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, जो कुठे लिहिलेला नाही आणि समाजमाध्यमांवरून कळणार नाही. कुत्र्याचे नाव किंवा जन्मगाव नको. तो शब्द विचारायचा सराव एकदा हसत-खेळत करून घ्या, नाहीतर खऱ्या वेळी तो आठवत नाही.

प्रश्न : घरबसल्या कामाच्या ग्रुपवर आधी पैसे खरोखर मिळाले. आता मोठी रक्कम ॲपवर दिसते, पण काढायला ‘कर’ भरा म्हणतात. भरावा का?

उत्तर : भरू नका, एक पैसाही नाही. ॲपवर दिसणारी रक्कम म्हणजे त्यांनी पडद्यावर उमटवलेला आकडा आहे. त्यामागे पैसे नाहीत. सुरुवातीला मिळालेली रक्कम हे आमिष, तीही बहुधा दुसऱ्या फसलेल्या माणसाची. ग्रुपवर ‘मला मिळाले’ म्हणणारे बरेचसे त्यांचेच. खरा कर किंवा शुल्क जमा रकमेतून वळते करता येते. आधी बाहेरून आणून भरा म्हणणे हीच फसवणुकीची खूण. एक ‘कर’ भरलात की दंड, मग पडताळणी, मग खाते उघडण्याचे शुल्क, असे ते वाढत जाते. आधी गेलेले वाचवण्यासाठी माणूस पुढचे भरतो. या सापळ्याची सारी ताकद त्यात आहे.

पलीकडे गोड बोलणारी व्यक्तीही कैदी असू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना अशा केंद्रांत डांबून हे काम करवून घेतले जात असावे. नोकरीच्या जाहिराती बघून तिथे गेलेली ही माणसे. परदेशातल्या ‘डेटा एंट्री’च्या भरघोस पगाराच्या नोकरीकडेही म्हणूनच संशयाने बघा.

प्रश्न : अनोळखी माणसाचा फोन : ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे गेले, परत करा.’ माणुसकी म्हणून करावेत ना?

उत्तर : माणुसकी बँकेमार्फत दाखवा. आधी एसएमएस न बघता खात्यातली शिल्लक बघा. जमा झाल्याचा मेसेज कुणीही टाइप करू शकतो. पैसे खरेच आले असतील तर तुमच्या बँकेला लेखी कळवून ज्या खात्यातून आले त्याच खात्यात उलटवायला सांगा. त्याने सांगितलेल्या दुसऱ्या खात्यात पाठवलेत तर दोन धोके. मूळ व्यवहार नंतर रद्द होऊन तुमची रक्कम दुहेरी जाऊ शकते. आणि ते पैसे चोरीचे असले तर त्यांना पुढची वाट तुम्ही करून दिलेली असते. कमिशनवर आपले खाते वापरायला देणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगणे आहे : नोंदीत चोर म्हणून तुमचेच नाव येते.

प्रश्न : आमच्या लहान उद्योगाला नेहमीच्या पुरवठादाराचा ईमेल आला, ‘बँक खाते बदलले आहे.’ बिल, शिक्का सगळं जसंच्या तसं. यात काय तपासायचं?

उत्तर : ईमेल काहीही म्हणो, खाते बदलल्याची खात्री जुन्या, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर बोलून करायची, हा नियम कागदावर लिहून भिंतीवर लावा. पुरवठादाराची मेलपेटीच चोरांनी उघडलेली असेल तर बिल खरेच असते, फक्त खाते क्रमांक बदललेला असतो. हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. एका लिथुआनियन माणसाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका पुरवठादाराशी जुळणाऱ्या नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवून फेसबुक आणि गूगल यांच्याकडून १२ कोटी डॉलरहून अधिक उकळले. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. पैसे सोडण्यासाठी दोन माणसांची मंजुरी ठेवा, आणि ‘साहेबांनी तातडीने सांगितलंय’ म्हणून ती टाळू देऊ नका.

प्रश्न : पैसे गेलेच, तर पहिल्या तासात नेमकं काय करायचं?

उत्तर : आधी बँक, मग बाकीचे. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. दोन-चार खात्यांतून फिरून रोकड किंवा क्रिप्टो होतात. मधल्या एखाद्या खात्यात ते असतानाच गोठवले गेले तर परत मिळण्याची आशा असते. बँकेला व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचे खाते एवढे सांगा. ‘माझ्या संमतीशिवाय’ की ‘फसवून माझ्याकडून करवून घेतला’, हे खरे तसेच सांगा. दोन्हींची प्रक्रिया वेगळी असते आणि नंतर बदललेला जबाब तुमच्याच विरोधात जातो. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. त्यानंतर पोलिसांच्या सायबर विभागाकडे नोंद करा. चॅट, कॉलची यादी, मेसेज पुसू नका. लाजेपोटी लोक सगळे पुसून टाकतात आणि माग तिथेच संपतो.

व्हॉट्सॲप खाते चोराच्या हाती गेले असेल तर आपल्या फोनवर पुन्हा नोंदणी करा. सहा आकडी कोड एसएमएसने येतो, तो टाकला की चोर बाहेर पडतो. त्याने दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावे लागते, पण त्या काळात त्यालाही खाते वापरता येत नाही. आत आल्यावर ‘जोडलेली उपकरणे’ बघून अनोळखी उपकरणे काढा, स्वतःचा पिन लावा. तोवर ओळखीच्यांना दुसऱ्या मार्गाने कळवा, कारण चोराचा पहिला मेसेज ‘थोडे पैसे हवे होते’ हा असतो आणि तो तुमच्या नावाने जातो.

प्रश्न : गेलेले पैसे काढून देतो, असं एका ‘सायबर तज्ज्ञा’नं स्वतःहून कळवलंय. फी आधी मागतो. त्याला माझ्या तक्रारीचा तपशीलही माहीत आहे.

उत्तर : तपशील माहीत आहे कारण बहुधा तो त्याच टोळीतला आहे, किंवा फसलेल्यांची यादी त्याने विकत घेतली आहे. एकदा फसलेला माणूस पुन्हा पैसे देतो, या हिशेबावर अशा याद्यांची किंमत ठरते. क्रिप्टोचा झालेला व्यवहार ‘हॅक करून’ उलटवता येत नाही, कुणालाच. त्याला उत्तर देऊ नका. त्याचा मेसेज आणि क्रमांक तसाच ठेवा आणि तुमच्या मूळ तक्रारीला, तिच्याच क्रमांकाखाली, जोडून द्या. पहिल्या गुन्ह्याचा जो धागा तपासात तुटला होता, तो कधी कधी या दुसऱ्या मेसेजमधून सापडतो.